नानीबाईच्या नावाचं मीटर

मगन आप्पांना सगळं येतं. कोरीट गावात हे कुणी नाकारत नाही, कारण नाकारलं की ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसतात. चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडिंग केलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी गडी अजून खाकी पँटमध्येच फिरतो, आणि कुणाच्या घरी पाणी प्यायला गेला तरी आधी त्याचं मीटर बघतो. नोकरीत असताना कुणी किती युनिट झाले म्हणून विचारलं, भाऊ, कितलं व्हयनं, तर कधी आकडा सांगायचा नाही. वही बगलेत मारायची, ओठ वाकडा करायचा आणि म्हणायचं, "बिल उनं का समजी जाई." बिल आलं की कळेल, बस, एवढंच. जणू आकडा सांगितला असता तर याच्या बापाच्या शेतातला एक वाफा कमी झाला असता.

नानीबाईने हे सगळं येणं बेचाळीस वर्षं जवळून पाहिलं होतं आणि तिचं मत पक्कं झालेलं होतं. या माणसाला मीटरवरचे आकडे वाचता येतात. त्यापलीकडे ठणठणाट.

पण त्या आकड्यांनीच तिचा जीव नकोसा केला होता. रोज दिवेलागणीला आप्पा हातात टॉर्च आणि खडू घेऊन ओट्यावरच्या मीटरपुढे उभे राहायचे. आकडा वाचायचा, दाराच्या चौकटीवर खडूने लिहायचा, कालच्यातून वजा करायचा आणि मग आत वळून विचारायचं, आज काय चालू व्हतं? तिनाचे चार युनिट झाले की चौकशी सुरू. मिक्सर किती वेळ फिरवला, पंखा दोनवर होता की चारवर, मोरीतला दिवा कोण विसरलं. बेचाळीस वर्षांत नानीबाईला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, पण रोज संध्याकाळी स्वतःच्या घरात चोरासारखी जबानी द्यायला लावलं. तिला त्याची किळस यायची. सांगणार कुणाला? लोक म्हणायचे, आप्पा काटकसरी आहेत.

दिनेश, त्यांचा मुलगा, सुरतेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याने आईसाठी कूलर आणला. नंदुरबारचा एप्रिल म्हणजे पत्र्याखाली माणूस शिजतो, आणि आईला दुपारी चक्कर येते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. कूलर तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी आप्पांनी चौकटीवरचे आकडे दाखवून असा तमाशा केला की नानीबाईने कूलरवर जुनं लुगडं टाकलं आणि त्यावर कांद्याची पाटी ठेवली. तेव्हापासून तो तिथेच होता. येणाजाणाऱ्यांना वाटायचं, टेबल आहे.

म्हणून दिनेशने घरावर सोलर बसवायचं ठरवलं तेव्हा नानीबाईने एकच गोष्ट विचारली. कूलर लावता येईल का? तो म्हणाला, दिवसभर लाव, कुणाचा बाप विचारणार नाही. बापाचं नाव त्याने घेतलं ते सवयीने, पण नानीबाईला फार बरं वाटलं.

काम करायला नंदुरबारहून धर्मेंद्र आला, सरकारी योजनेतून घराघरांवर सोलर बसवणारा, चाळिशीचा सरळ माणूस. छतावर सहा पॅनल चढवली, भिंतीवर इन्व्हर्टरची पेटी बसवली आणि ओट्यावर कागद पसरून त्याने समजावलं. दिवसा जास्तीची वीज तारेतून कंपनीकडे जाणार, रात्री आपण कंपनीकडून घेणार. नवं मीटर दोन्ही मोजणार आणि बिल येणार ते फक्त फरकाचं. याला नेट मीटरिंग म्हणतात आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो. बिल, आधार कार्ड, फोटो, स्टँप पेपरवर करारनामा.

आप्पांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. धर्मेंद्र म्हणाला, आप्पा, तुमची सही नाही लागणार. बिलावर नाव मावशींचं आहे. ग्राहक त्या.

आता हे नाव तिथे कसं आलं ते सांगितलंच पाहिजे. घर बांधलं तेव्हा आप्पा नोकरीत होते. नोकरीतल्या माणसाच्या नावावर मीटर असलं आणि उद्या काही लफडं निघालं तर चौकशी नोकरीवर येते, म्हणून या शहाण्याने जोडणी बायकोच्या नावावर घेतली. काही झालंच तर तिच्यावर जाईल. ही गोष्ट ते पारावर हसत सांगायचे, आपल्या हुशारीचा नमुना म्हणून, आणि नानीबाई घरात बसून ऐकायची.

तेच नाव आता आडवं आलं. नानीबाई सातवी शिकलेली, अक्षर मोकळं आणि टपोरं. तिने चार ठिकाणी सही केली. पॅनलशेजारी उभं राहून फोटो काढला, पदर नीट करून. ओटीपीचा नंबर तिच्या मोबाईलवर आला, तोही तिनेच वाचून सांगितला. संध्याकाळी मेसेज पडला की आदरणीय ग्राहक, आपला अर्ज दाखल झाला आहे. नानीबाईने तो तीनदा वाचला. आजवर तिला आदरणीय कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणायला सुरुवात केली ती एका यंत्राने.

जाताना धर्मेंद्रने सोलरच्या स्विचवर लाल पट्टी लावली, वर कागद चिकटवला आणि आप्पांकडे बघूनच बजावलं. कंपनीचे इंजिनीअर येऊन तपासणी करतील, नवं मीटर लागेल, तोवर याला हात लावायचा नाही. करारनाम्यात तसं लिहून दिलंय. पंधरा-वीस दिवस लागतील.

पट्टी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता आप्पांनी ती फाडली.

त्यांचं गणित ऐकण्यासारखं होतं. नवापूरकडे ड्युटी असताना एका कोंबड्यांच्या शेडवाल्याने तारा उलट्या जोडल्या होत्या आणि मीटरमधली चकती मागे फिरताना आप्पांनी त्याला पकडला होता. तीस वर्षं ते ही कथा सांगत आले होते. म्हणजे वीज उलटी गेली की मीटर उलटं फिरतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग नवं मीटर कशाला आणि अर्ज तरी कशाला? सगळा कागद खायचा धंदा. याच मीटरमधून वीज मागे सोडायची, आकडा आपोआप खाली येईल, महिन्याभरात बिल शून्य. कालची पोरं आपल्याला शिकवणार का?

"मीटर उलटं फिरी," ते नानीबाईला म्हणाले. "तू फक्त देखत ऱ्हाय."

ओट्यावरच्या मीटरमध्ये चकती नव्हती. दहा वर्षांपूर्वी ते काळं मीटर काढून आकडे पेटणारं पांढरं मीटर लावलं होतं. पण ज्याला सगळं येतं त्याला नवं काही दिसत नाही.

आणि मग खरी कमाल झाली. वीज मागे जायची तर घरात खर्च व्हायला नको, म्हणून आप्पांनी हुकूम काढला. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घरात एक बटण दाबायचं नाही. पंखा नाही, फ्रीज नाही, काही नाही. बाहेर त्रेचाळीस डिग्री. छतावर सहा पॅनल वीज ओकतायत आणि त्याच छताखाली नानीबाई पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली. शेजारची रूपलीबाई ताक मागायला आली, घरात पाऊल टाकलं आणि भट्टीत शिरल्यासारखी मागे सरली. सोलर बसवलंय ना तुमच्याकडे, तिने विचारलं. नानीबाईने सांगितलं, हो, बसवलंय. बघायला.

संध्याकाळी आप्पा टॉर्च आणि खडू घेऊन मीटरपुढे उभे राहिले. आकडा खाली आला नव्हता. वर गेला होता. रोज तीन वाढायचा, आज पंधरा.

शहाण्या माणसाने इथे डोकं खाजवलं असतं. आप्पा आत आले आणि विचारलं, कूलर लावला व्हता ना?

नानीबाईला आधी कळेचना. दिवसभर उकडून काढलं, पुठ्ठ्याने हात भरून आला, आणि हा बाबा कूलरचं विचारतोय. तिने कांद्याची पाटी दाखवली. आप्पांनी पाटी उचलली, लुगडं बाजूला केलं, आणि जाळीला हात लावून बघितला, गार आहे का. दुसऱ्या दिवशी सोळा युनिट. तिसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा. चौथ्या दिवशी त्यांनी पक्कड आणली आणि कूलरच्या वायरचा प्लगच कापून खिशात घातला. बेचाळीस वर्षांच्या संसारात नानीबाईला रडू फार वेळा आलं नव्हतं. त्या दिवशीही रडू आलं नाही. थुंकावंसं वाटलं.

पण ती मीटर बघायला लागली. आजवर तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आप्पांचं देवघर होतं. दुपारी आप्पा पारावर गेले की ती ओट्यावर जाऊन बसायची. घरातलं सगळं बंद, आणि मीटरवरचा बारका लाल दिवा मात्र भराभर लुकलुकत होता. रात्री पंखा आणि एक दिवा चालू असताना तोच दिवा सावकाश, थांबत थांबत पेटायचा. तीन दुपारी तिने हे पाहिलं. एका दुपारी ढग आले, ऊन गेलं, आणि दिव्याची घाई एकदम कमी झाली. ऊन परतलं तशी पुन्हा सुरू. एवढं समजायला चौतीस वर्षांची नोकरी लागत नाही. छतावरून जाणारी वीजसुद्धा हे मीटर आपल्याच नावावर मांडत होतं.

तिने आप्पांना जेवताना सांगितलं, एकदाच, सरळ. दुपारले घरमा बठ्ठं, पंखासुद्धा, बंद असतं तरी तो दिवा पळत असतो, ऊन गेलं की थांबतो, ते सोलर बंद करा. आप्पांनी घास गिळला, मिशीवरून हात फिरवला आणि असे हसले की त्यांच्या ताटात वाढलेली भाकरी उचलून गाईला घालावीशी तिला वाटली.

"तुले काय समजस त्यामा?"

तिनेच जाऊन स्विच पाडायला हवा होता, हे तिला नंतर वाटलं. पण इतकी वर्षं त्या भिंतीला हात लावायची सवयच नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर तिच्या मनात एक कडू आनंदही होता. फिरू दे मीटर. किती फिरतं ते बघू.

विसाव्या दिवशी मेसेज आला की उद्या तपासणी. आप्पांनी ठरवलं, मीटर खराब आहे आणि उद्या त्या इंजिनीअरला तोंडावर सांगायचं. पारावरच्या सहा-सात जणांना त्यांनी आमंत्रणच दिलं, डेअरीवाला शिवाजी त्यात पुढे. सकाळी गुपचूप स्विच बंद केला, फाटलेली लाल पट्टी शोधून काढली आणि कणकेची खळ करून कागदासकट पुन्हा चिकटवली. खळ नानीबाईच्याच पातेल्यात केली आणि पातेलं तसंच ठेवलं.

इंजिनीअर म्हणून आली ती रिना गावित, तिशीच्या आतली, डोक्याला ओढणी बांधलेली, कंपनीच्या गाडीतून उतरून थेट कामाला लागणारी. आप्पांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. नवापूरकडची गावित म्हटल्यावर त्यांचा ओठ आपोआप वाकडा झाला. ज्या डोंगराकडच्या आदिवासी घरांना याने चौतीस वर्षं बिल उनं का समजी जाई म्हणून वाटेला लावलं, तिथली पोर आता याच्या ओट्यावर चढून तपासणी करणार होती. त्यांनी खुर्ची घेतली, तिला पाट दाखवला. नानीबाईने आतून दुसरी खुर्ची आणून ठेवली. बसायला रिनाला वेळ नव्हता.

आप्पा बोलत राहिले. मीटर पळतं, मी स्वतः कंपनीतला, माझ्यासमोर मीटरची गोष्ट नको, घरात कुणी बटण दाबत नाही तरी रोज पंधरा युनिट. पारावरची मंडळी माना डोलवत होती. रिनाने सगळं ऐकून घेतलं आणि स्विचकडे गेली. पट्टीला बोट लावलं. बोट चिकटलं. तिने ते रुमालाला पुसलं आणि इन्व्हर्टरच्या पेटीवरचं बटण दाबलं. छोट्या पडद्यावर आजवर किती वीज तयार झाली ते आलं. दोनशे चार युनिट.

रिनाने वळून विचारलं की हे अजून चालू केलेलं नाही ना, मग ही वीज कुठून आली? आणि मग तिनेच सांगितलं, शाळेत सांगतात तसं, न चिडता. जुन्या चकतीचं मीटर मागे फिरायचं. हे फिरत नाही. वीज इकडून जावो की तिकडून, हे पुढेच मोजतं. छतावर झालेली जवळजवळ सगळी वीज तुम्ही वापरली असंच याने लिहिलंय, आणि ते बिलात येणार. म्हणून तर आधी अर्ज आणि नवं मीटर, आणि मग स्विच.

"चालू कोणी केलं?" तिने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा आप्पांकडे. आप्पांनी घसा खाकरला. पारावरच्या माणसांकडे बघितलं, मिशीला हात लावला, आणि अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाले, "घरमा बाईमाणूस शे. झाडू मारता मारता लागी जास हात."

नानीबाई दारात उभी होती. खडूच्या आकड्यांनी भरलेली चौकट तिच्या खांद्याला लागून होती. हे तिने ऐकलं, आणि आश्चर्य असं वाटलं नाही. नाव तिचं घालून ठेवलं होतंच ना, यासाठीच.

रिना तिच्याकडे वळली. आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मावशी, करारनाम्यावर सही तुमची आहे. तुम्ही चालू केलं असेल तर मला अर्ज रद्द करावा लागेल. मग पुन्हा पहिल्यापासून. हा उन्हाळा गेला समजा. तुम्हाला न विचारता दुसऱ्या कुणी केलं असेल तर तुमचा लेखी जबाब घेऊन मी ताकीद देऊन सोडू शकते."

आप्पांनीही हे ऐकलं. ऐकू तर चांगलं येत होतं त्यांना. एक शब्द बोलायचा होता. मी केलं. दोन शब्द. नानीबाईने थांबून बघितलं, मोजून बघितलं, एवढी संधी तिने त्यांना दिली. आप्पा समोरच्या कडुनिंबाकडे असे निरखून पाहत होते, जणू त्याचंही रीडिंग घ्यायचं होतं.

"यास्नी करं," नानीबाई म्हणाली. "मी नही. कागद आना इकडे, मी लिही देस."

तिने ओट्यावर बसून लिहिलं, गुडघ्यावर फाईल ठेवून, टपोऱ्या अक्षरात, घाई न करता. माझे पती मगन आप्पा, निवृत्त मीटर रीडर, यांनी मला न विचारता पट्टी फाडून सोलर चालू केले. मीटर उलटे फिरेल असे त्यांना वाटले. मी सांगितले तरी बंद केले नाही. तपासणीच्या दिवशी पट्टी खळीने परत चिकटवली. खाली सही. जबाब वाचून दाखवायचा नियम होता म्हणून रिनाने तो मोठ्याने वाचला. खळीपाशी आल्यावर डेअरीवाल्या शिवाजीला ठसका लागला आणि तो पाणी प्यायला म्हणून पायऱ्या उतरला तो परत आला नाही. बाकीचेही एकेक करून आठवलेल्या कामांना गेले. रिनाने कागद फायलीत घातला, नानीबाईला म्हणाली की आठवड्यात मीटर लागेल, आणि आप्पांना नुसतंच, येते काका. त्या काकामध्ये राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. आप्पांना तेच सोसलं नाही. पुढे चार दिवस ते पाराकडे फिरकले नाहीत.

मीटर सहाव्या दिवशी लागलं. धर्मेंद्र येऊन स्विच टाकून गेला, आणि जाता जाता नानीबाईने सांगितल्यावरून कूलरला नवा प्लग लावून गेला. नानीबाईने कांदे बाजेखाली ओतले, लुगडं झटकलं, कूलरमध्ये दोन घागरी पाणी घातलं आणि दुपारी एक वाजता तो लावून त्यासमोर आडवी झाली. बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. ती पाच वाजेपर्यंत झोपली. स्वयंपाकाला उशीर झाला, आणि तो तिने होऊ दिला.

दिवेलागणीला आप्पा टॉर्च आणि खडू घेऊन ओट्यावर गेले. सवय, दुसरं काय. नव्या मीटरवर एक आकडा आला, तो वाचेपर्यंत दुसरा आला, मग तारीख, मग आणखी एक आकडा, त्याच्याआधी बारीक इंग्रजी अक्षर. कुठला घेतलेला, कुठला दिलेला, कुठला कशातून वजा करायचा? आप्पा बराच वेळ उभे होते. चौकटीवर खडू टेकवला, पण लिहिणार काय? आकडे फिरत होते आणि ते थांबेनात. आतमध्ये नानीबाई खाटेवर बसून मोबाईल बघत होती. दिनेशने त्यात दिवसाचा सगळा हिशेब येईल अशी सोय करून दिली होती. नंबर तिचा होता म्हणून तिच्याच मोबाईलवर.

आप्पा दारात आले. टॉर्च अजून पेटलेली. खोलीत कूलरचा गार वारा होता आणि त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी हळूच विचारलं, "आज कितलं व्हयनं?"

नानीबाईने मोबाईलवरचा आकडा वाचला. मग मोबाईल उशीखाली ठेवला.

"बिल उनं का समजी जाई," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला उठली.